ऑर्काच्या कौतुकापायी शार्कची बदनामी

२०२३ सालचा जून महिना. दक्षिण आफ्रिकेच्या मॉसेल बे इथल्या समुद्रात एका ऑर्का नराने अडीच मीटर लांबीच्या तरुण पांढऱ्या शार्कला गाठलं, छातीजवळचा डावा पर तोंडात धरला, जोरदार मुसंड्या मारल्या आणि दोन मिनिटांच्या आत कारभार आटोपला. नंतर तो पर्यटकांच्या बोटीजवळून गेला तेव्हा यकृताचा तुकडा त्याच्या तोंडात दिसत होता. संशोधक या नराला ‘स्टारबोर्ड’ (जहाजाची उजवी बाजू) म्हणतात, कारण त्याच्या पाठीवरचा उंच पर उजवीकडे कलला आहे. त्याचा जोडीदार ‘पोर्ट’. त्याचा पर डावीकडे.

हे दृश्य जगभर पाहिलं गेलं आणि त्यासोबत एक निकालही लागून गेला. समुद्राचा खरा राजा म्हणजे ऑर्का, अर्थात किलर व्हेल. तो बुद्धिमान, कुटुंबवत्सल, माणसाच्या वाटेला न जाणारा. आणि शार्क? थंड रक्ताचं, बिनडोक, पोहतं तोंड. पन्नास वर्षं सगळे ज्याला घाबरले तो ऐन वेळी शेपूट घालून पळणारा निघाला, असा विजयी सूर मोबाइलवरच्या चित्रफितींपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत लागलेला असतो. शाळकरी पोरांच्या वादात तर कोण कुणाला चीत करेल एवढाच प्रश्न उरतो.

या निकालात ऑर्काबद्दल जे सांगितलं जातं ते बरंचसं खरं आहे, शार्कबद्दलचं बहुतेक खोटं आहे, आणि दोघांना एका तराजूत घालून काढलेलं अनुमान पार गैर आहे.

आधी जे फरक वादातीत आहेत ते मान्य करून टाकावेत. ऑर्का मासा नाही. तो डॉल्फिनांच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. त्याला फुप्फुसं आहेत; डोक्यावरच्या श्वासरंध्रातून हवा घ्यायला त्याला पाण्यावर यावंच लागतं. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, म्हणून बर्फाळ समुद्रातही त्याचं अंग आपल्याइतकंच उबदार राहतं. मादी पंधरा ते अठरा महिने गर्भ वाहते, एकच पिल्लू जन्माला घालते आणि त्याला दूध पाजते. शार्क मासा आहे. तो कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेतो. त्याच्या अंगात एकही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. इतर माशांसारखी हवेची पिशवीही नाही; तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत त्याला पाण्यात तोलून धरतं. दात पडले की मागच्या रांगेतले पुढे सरकतात, हे जन्मभर चालू राहतं. ऑर्काचे दात मात्र एकदाच येतात, झिजले की झिजले.

दोघांना वेगळं ओळखायचं तर शेपटी पाहावी. शार्कची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. ऑर्काची आडवी असते आणि वर-खाली हलते. या एका फरकात केवढा तरी इतिहास आहे. ऑर्काचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावत होते. धावताना सस्तन प्राण्यांचा कणा वर-खाली वाकतो, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी पाण्यात परतले तेव्हा ती चाल कण्यातून गेली नाही. या परतीचे काही उत्तम पुरावे आपल्याच उपखंडातले आहेत: पाकिस्तानातला पाकिसेटस, कच्छमधला कच्छिसेटस, आणि जम्मूतल्या कालाकोट भागातल्या खडकांत सापडलेला, मांजराएवढा, खुरांचा इंडोह्यूस. शार्कांचं घराणं याहून कितीतरी जुनं. चाळीस कोटी वर्षांपूर्वी शार्क समुद्रात होते तेव्हा जमिनीवर पाठीचा कणा असलेला एकही प्राणी नव्हता.

घोटाळा इथूनच सुरू होतो. जुनं म्हणजे मागासलेलं, असं गृहीत धरलं जातं. शार्क ‘आदिम’, म्हणून अंडी घालून निघून जाणारा, थंड, ठोकळ. ऑर्का ‘प्रगत’, म्हणून माया असलेला, गरम, चतुर. शाळेतली मासा आणि सस्तन प्राणी ही वर्गवारी पाहता पाहता गुणपत्रिका होऊन बसते.

ही गुणपत्रिका तपासायला दक्षिण आफ्रिकेला जाण्याची गरज नाही. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा कोकणातल्या कुठल्याही मोठ्या बंदरावर सोनमुशीचा ढीग पडलेला असतो. दीड हात लांबीची, चपट्या टोकदार तोंडाची ही मुशी म्हणजे ‘स्कोलिओडॉन’. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कितीतरी पिढ्यांनी प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये ती चिरलेली आहे. फॉर्मलिनचा वास अनेकांच्या अजून डोक्यात असेल. ती शार्कच आहे. आणि ती अंडी घालत नाही. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कांत सर्वांत लहान, त्यात बलक जवळपास नाहीच. मग पिल्लू वाढतं कशावर? आईवर. गर्भ लवकरच गर्भाशयाला जोडला जातो, वार तयार होते, नाळ तयार होते. गाभण सोनमुशी चिरली तर आत ओळीने पिल्लं दिसतात, प्रत्येक आपापल्या नाळेला बांधलेलं, आणि त्या नाळेवर केसांसारख्या बारीक तंतूंची दाट झालर असते. पोषण देण्याची माशांमधली ही सर्वांत पुढारलेली व्यवस्था मानली जाते. रस्सा करताना ती कुणी पाहत नाही, एवढंच.

शार्कला वार असते हे काही नवं संशोधनही नाही. भूमध्य समुद्रातल्या एका मुशीची वार ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली होती. ‘शार्क अंडी घालतो’ हे वाक्य काही जातींना लागू आहे, पण पाचशेहून अधिक जातींच्या या कुळाला सरसकट लावणं म्हणजे सगळे पक्षी उडतात म्हणण्यासारखं. ‘थंड रक्ताचा’ हेही तसंच. बहुतेक शार्क पाण्याइतकेच गार असतात; पण पांढरा शार्क, माको आणि सामन शार्क यांच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की पोहण्याच्या स्नायूंत तयार झालेली उष्णता कल्ल्यांवाटे वाया न जाता आतच फिरते. मॉसेल बेमध्ये मारला गेलेला तो शार्क या अर्धउबदार शिकाऱ्यांपैकी होता. आणि थांबला की शार्क गुदमरून मरतो, ही आणखी एक आवडती थाप. काही जाती तोंड उघडं ठेवून सतत पोहतात हे खरं, पण नर्स शार्कसारखे कित्येक तळाशी निवांत पडून राहतात आणि गालांनी पाणी ओढून श्वास घेतात.

‘बिनडोक’ हे विशेषण तर १९५० च्या दशकातच बाद व्हायला हवं होतं. शार्कला काही शिकवता येतं यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. फ्लोरिडातल्या केप हेझ इथे युजेनी क्लार्क या संशोधिकेने लेमन शार्कांच्या कुंपणात एक फळी सोडली. नाकाने फळी दाबली की खायला मिळणार. शार्क ते शिकले. हिवाळ्यात पाणी गार पडल्यावर त्यांचं खाणं मंदावलं आणि प्रयोग बंद ठेवावा लागला. कित्येक आठवड्यांनी फळी पुन्हा पाण्यात गेली तेव्हा धडा त्यांच्या लक्षात होता. पुढे बहामातल्या बिमिनी बेटांवर सॅम्युअल ग्रूबर यांनी उभारलेल्या केंद्रात याच जातीच्या पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. पिल्लं ठरावीक सोबत्यांना धरून राहतात. काम आधी शिकलेल्या सोबत्याबरोबर ठेवलेलं पिल्लू तेच काम लवकर शिकतं. आणि पिल्लांच्या जनुकांचे नमुने दोन दशकं जमवल्यावर असं दिसलं की बिमिनीत जन्मलेल्या माद्या मोठ्या होऊन, पुष्कळ वर्षं बाहेर राहून, बाळंतपणाला पुन्हा बिमिनीतच येतात. त्या पिल्लांना दूध पाजत नाहीत, जवळ घेऊन बसत नाहीत. पण त्यांना तिवरांच्या उथळ, मोठे शिकारी न फिरकणाऱ्या पाण्यात आणून सोडतात. आईची जबाबदारी पार पाडण्याची ही दुसरी रीत झाली.

शार्कच्या तोंडाच्या टोकाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा द्रव भरलेला. इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनीने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं. ती कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडलं. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंतून, हृदयातून निघणारी अतिक्षीण वीज शार्क त्यांनी ओळखतो. ऑर्काला ही जाणीव नाही. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून जग ‘पाहतो’, जे शार्कला येत नाही. कोणाची जाणीव वरची? प्रश्नच निरर्थक. नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खुणेचं यंत्र लावलेली ‘निकोल’ ही पांढरी शार्क मादी हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाला गेली आणि नऊ महिन्यांच्या आत मूळ जागी परतली. येऊन-जाऊन वीस हजार किलोमीटरांवर प्रवास. तिला वाट दाखवायला कुणी आजी बरोबर नव्हती.

आजीचा विषय निघाला की ऑर्काकडे वळावं लागतं, आणि इथे कौतुकाला हात आखडता घेण्याचं कारण नाही. १९७० च्या दशकात मायकल बिग यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ऑर्का पाठीवरच्या परांच्या खाचा आणि त्यामागच्या करड्या डागांवरून एकेक ओळखायला सुरुवात केली, तेव्हा जे उलगडत गेलं त्याने सगळेच चकित झाले. तिथल्या मासेखाऊ ऑर्कांत मुलगे आणि मुली दोन्ही जन्मभर आईच्या कळपात राहतात. प्रत्येक कळपाची बोली वेगळी, हे जॉन फोर्ड यांनी ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं. माद्यांचं मूल होण्याचं वय संपल्यावरही त्या कित्येक दशकं जगतात, आणि सामन माशांचा तुटवडा असलेल्या वर्षी याच म्हाताऱ्या माद्या कळपाच्या पुढे असतात, असं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर ऑर्का स्वतःला मुद्दाम वाळूवर झोकून देऊन सी-लायनची पिल्लं पकडतात, आणि लाटेबरोबर परत फिरतात. ही कला त्यांची पिल्लं मोठ्यांकडूनच शिकतात. नॉर्वेत त्यांचेच भाऊबंद हेरिंगच्या थव्याला घेरून, गोळा करून, शेपटीच्या फटक्याने गुंगवून खातात. जात एक, पोट भरायच्या तऱ्हा अनेक, आणि प्रत्येक तऱ्हा आईकडून लेकराकडे आलेली.

पण या शिकवणुकीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ती पेडर बे इथल्या पाच ऑर्कांनी दाखवली.

मार्च १९७० मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराजवळच्या या खाडीत पाच ऑर्का जाळ्यात अडकवले गेले. हेतू मत्स्यालयांत नेण्याचा. त्यांच्यापुढे रोज मासे टाकले जात, त्यात ताजा सामनही असे. एकानेही तोंड लावलं नाही. दोन माद्यांना काही आठवड्यांनी मत्स्यालयात हलवलं. तिघं खाडीतच राहिले. दिवस जात होते, चरबी उतरत होती, कातडीखालची हाडं दिसू लागली होती आणि मासे तसेच तळाला जात होते. अडीच महिन्यांच्या सुमारास तिघांतली एक मादी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या नराने पहिल्यांदा सामन तोंडात धरला, आणि मग तो आणि सोबतची मादी दोघंही खाऊ लागले. त्याच वर्षी कुणीतरी जाळं पाण्याखाली दाबलं आणि दोघं निसटले. नंतरच्या वर्षांत ते पुन्हा पूर्वीसारखे सील आणि इतर सस्तन प्राणीच मारताना आढळले.

पकडणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं की त्या किनाऱ्यावर ऑर्कांचे दोन समाज राहतात, एक मासेखाऊ आणि एक सस्तन प्राणी खाणारा, आणि दोघांत ना खाण्याचा व्यवहार ना लग्नाचा. या पाचांच्या समाजात मासा हे अन्नच नव्हतं. समोर खाणं आहे, पोटात आग आहे, तरी एक जीव उपाशी मरतो, कारण आईने ‘हे खायचं’ म्हणून ते कधी दाखवलेलं नाही. याला बुद्धी म्हणावं की सोवळं? वाघशार्क असा मरणार नाही. तो कासव, पक्षी, समुद्रसाप, मेलेला देवमासा, मिळेल ते खातो. त्याला कुणी काही शिकवलेलं नाही आणि म्हणून काही वर्ज्यही नाही.

या दोन प्राण्यांतला खरा फरक हा आहे. ऑर्काला जगायला शिकावं लागतं, शार्क शिकून-सवरून झाल्यासारखाच जन्मतो. पहिल्याची ताकद पिढीजात ज्ञानात, आणि त्याची नड त्याच ज्ञानात. वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबियाच्या पाण्यातले दक्षिणेकडचे मासेखाऊ ऑर्का आता पाऊणशेच्या आसपास उरले आहेत. त्यांचं मुख्य खाणं चिनूक सामन, आणि धरणांनी, अतिमासेमारीने, नद्यांच्या बिघाडाने तो सामन घटला. शेजारून सील पोहत जातात, त्या सीलांवर दुसरा ऑर्का समाज गुबगुबीत होतो. हे मात्र खात नाहीत. २०१८ साली याच समाजातल्या ‘ताहलेक्वा’ या मादीने मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन सतरा दिवस समुद्र पालथा घातला. जग हळहळलं. हळहळ योग्यच होती; पण कळप अर्धपोटी आहे या कारणाची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

आता ‘पळपुट्या’ शार्कबद्दल. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरॅलॉन बेटांपाशी पर्यटकांच्या डोळ्यांदेखत दोन ऑर्कांनी एक पांढरा शार्क मारला. ऐन सील-शिकारीचा हंगाम, बेटांभोवती पांढरे शार्क जमलेले. त्यानंतर ते दिसेनासे झाले. साल्व्हादोर जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी खुणेची यंत्रं लावलेल्या शार्कांच्या हालचाली तपासून २०१९ मध्ये दाखवलं की ऑर्का तासाभरासाठी जरी बेटांजवळून गेले, तरी शार्क काही तासांत जागा सोडतात आणि बहुधा त्या हंगामात परतत नाहीत. यावरून शार्क भित्रा ठरवणाऱ्यांनी स्वतःचंच म्हणणं जरा तपासून पाहावं. पोहतं तोंड असं वागत नाही. धोका ओळखणं, समोरच्या मेजवानीवर पाणी सोडणं आणि महिनोन्महिने तो धोका ध्यानात ठेवणं हे बिनडोकपणाचं लक्षण असेल, तर त्याच मापाने वाघाच्या वासाने पाणवठा सोडणारं हरीणही बिनडोक.

शिवाय ‘ऑर्का शार्कांना मारतात’ हे वाक्यच फार सैल आहे. काही ऑर्का मारतात. पोर्ट आणि स्टारबोर्ड ही जोडी २०१५ पासून केपटाऊनजवळच्या फॉल्स बेमध्ये दिसू लागली. तिथे सातकल्ली शार्कांची यकृतं गायब झालेली मढी सापडली, आणि २०१७ मध्ये गान्सबाईच्या किनाऱ्यावर पांढऱ्या शार्कांची. यकृतच का, याचं उत्तर सोपं आहे. मोठ्या शार्कच्या वजनाचा चौथा हिस्सासुद्धा यकृताचा असू शकतो, आणि ते तेलाने ओथंबलेलं असतं. शार्कला उलटा केला की तो काही काळ निपचित पडतो. काही ऑर्कांनी ही खोच साधली आहे. मे २०२२ मध्ये मॉसेल बेमध्ये ऑर्कांच्या टोळीने पांढरा शार्क मारल्याचं हवेतून चित्रण झालं, म्हणजे विद्या आणखी काहींकडे आहे. पण ब्रिटिश कोलंबियाच्या सामनखाऊ ऑर्काला पांढऱ्या शार्कशी काय देणंघेणं? उलट त्याच किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात राहणारा आणि स्लीपर शार्क खाणारा ऑर्कांचा तिसरा समाज पाहा. शार्कची कातडी म्हणजे लाखो सूक्ष्म दातांचा कानसासारखा खरखरीत पृष्ठभाग. ती चावून चावून या ऑर्कांचे दात हिरड्यांपर्यंत घासले गेले आहेत. विजेत्याच्या तोंडात दात उरले नाहीत, हे चित्रफितीत येत नाही.

यकृतासाठी शार्क मारण्यात ऑर्का एकटाही नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क, म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा, त्याच्या यकृताच्या तेलासाठीच मारला जाई. ते तेल लाकडी होड्यांना चोपडत. पुढे मांसाची निर्यात सुरू झाली आणि मारण्याला मर्यादा राहिली नाही. माईक पांडे यांच्या माहितीपटाने ते जगापुढे आलं, २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि वेरावळचे मच्छीमार जाळी कापून त्याला सोडू लागले.

दक्षिण आफ्रिकेतून पांढरे शार्क कमी झाले याचं सगळं खापर दोन ऑर्कांवर फोडण्यातही एक सोय आहे. डर्बनच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी १९५२ पासून लावलेली जाळी शार्कांना मारत आली आहेत. तळाशी लांब दोरीचे गळ टाकणाऱ्या नौका छोट्या शार्कांना उपसत होत्या, आणि तेच पांढऱ्या शार्कचं खाद्य. शार्क गेले की फक्त जागा बदलून बसले, यावर तिथल्या शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कलत्या पराचा खलनायक मिळाल्यावर जाळ्यांचा आणि गळांचा हिशेब मागायला कोण बसतं?

माणसाशी असलेल्या नात्याचा मुद्दा उरला. मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही पक्की नोंद नाही. शार्कच्या बिनचिथावणीच्या हल्ल्यांच्या नोंदी जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर होतात आणि पाच-सहा माणसं दगावतात. फरक खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ खोटा. ऑर्का माणसाला खात नाही तो मैत्रीपोटी नव्हे. ज्या कारणाने पेडर बेच्या मादीने सामन नाकारला त्याच कारणाने, असं मानणं अधिक सयुक्तिक ठरेल: आपण त्याच्या पानावर कधी वाढलेच गेलो नाही. १९८३ साली आइसलँडजवळ पकडलेला टिलिकम हा ऑर्का टाकीत राहिला आणि तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं. त्यातल्या दोन त्याला हाताळणाऱ्या प्रशिक्षिका होत्या. कुटुंबावर जगणाऱ्या प्राण्याला कुटुंबातून तोडल्यावर काय होतं त्याची ती नोंद आहे, आणि २०१६ मध्ये त्याला ठेवणाऱ्या सीवर्ल्ड या मनोरंजन कंपनीला ऑर्कांची पैदास बंद करावी लागली ती त्यानंतर उठलेल्या लोकक्षोभामुळे. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालजवळ ऑर्का शिडाच्या बोटींची सुकाणू मोडू लागले, तेव्हा ‘सूड’ म्हणून मथळे सजले. ते अजून एकाही खलाशावर तुटून पडलेले नाहीत. त्यांना संत म्हणणाऱ्यांनी आणि सूडकरी म्हणणाऱ्यांनी चूक एकच केली आहे.

शार्कच्या वाट्याला ‘जॉज’ आला. १९७४ ची कादंबरी, १९७५ चा चित्रपट. लेखक पीटर बेंचली यांनी नंतरची बरीच वर्षं शार्क वाचवण्याच्या कामाला दिली. त्यांच्या कादंबरीने उठवलेली भीती मात्र ओसरली नाही. माणूस मासेमारीत वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा २०१३ चा बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांचा अंदाज. १९७० पासून खुल्या महासागरातले शार्क आणि पाकट सत्तर टक्क्यांहून जास्त घटले, असं २०२१ च्या अभ्यासाने दाखवलं.

आणि इथे ‘शेवटी तो मासाच’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं. सुरमईची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. समुद्राने थोडी उसंत दिली की तिची संख्या सावरते. मासेमारीचे सगळे हिशेब अशा माशांवर बेतलेले, टनांत मोजायचे. पांढऱ्या शार्कची मादी वयात येते तेव्हा तिची तिशी उलटलेली असते, आणि वेताला पिल्लं मोजकीच. ऑर्काची मादी पहिलं पिल्लू पंधराव्या वर्षाच्या आसपास देते आणि पुढचं बऱ्याच वर्षांनी. म्हणजे वर्गीकरणात शार्क बांगड्याच्या शेजारी बसतो. जन्म-मृत्यूच्या हिशेबात तो देवमाशांच्या पंक्तीतला आहे. ऑर्का आणि शार्क यांच्यातल्या सगळ्या फरकांची यादी करणाऱ्यांनी हे साम्य मात्र सोडून दिलं. एकाचा पाऊणशेचा कळप नावानिशी मोजला जातो, दुसऱ्याचं वजन काट्यावर होतं.

आपल्याकडे याची चुणूक २००१ मध्ये मिळाली. त्या वर्षी जुलैत केंद्र सरकारने शार्क आणि पाकटांच्या सगळ्या जातींना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. एका फटक्यात किनाऱ्यावरच्या हजारो कुटुंबांचा रोजचा धंदा गुन्हा ठरला. विरोध झाला, तो रास्तही होता, आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. सोनमुशीसारखी तुलनेने लवकर वाढणारी जात आणि वयात यायला दशकभर घेणारा हातोडी शार्क यांना एकच नियम लावणं जितकं चूक होतं, तितकंच नंतर बहुतेकांना मोकळं सोडणं. २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्यावर बंदी आली, २०१५ मध्ये परांची निर्यात थांबली. मासेमारीत सापडलेल्या मुशीचा प्रश्न त्याने सुटत नाही. भारत आजही जगातल्या मोठ्या शार्क पकडणाऱ्या देशांत आहे.

मालवणात मोरीचं, म्हणजे मुशीचं, मटण खाणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही. मागणी एवढीच आहे की मुशीला बांगड्याचा हिशेब लावू नये: माद्या जिथे विणीला येतात त्या खाड्या आणि उथळ पट्टे त्या दिवसांत जाळ्यांपासून मोकळे ठेवावेत, आणि अतिसंकटग्रस्त जातींची पिल्लं बाजारात खपू नयेत. यातलं पहिलं काम मत्स्यव्यवसाय खात्याचं आणि मच्छीमार सोसायट्यांचं. दुसरं गिऱ्हाइकाचंही आहे. हातोडी शार्कचं पिल्लू जन्मतःच हातभर लांब असतं. कोळिणीच्या पाटीत हातोडीसारख्या डोक्याची हातभर मुशी दिसली, तर ती छोट्या जातीची मुशी नसून अलीकडेच जन्मलेलं पिल्लू असण्याची शक्यता दाट. ते घेऊ नये, आणि का घेत नाही तेही मावशींना सांगावं.